वाचकांचे प्रश्न : मलावीच्या शाळेला पुस्तकं कशी पाठवू?

प्रश्न : मी यावल तालुक्यातला केळी उत्पादक शेतकरी. माझा भाचा ठिबक सिंचनाच्या कामासाठी दोन वर्षांपासून आफ्रिकेत, मलावी देशात आहे. त्याच्या कामाच्या जागेजवळ एक प्राथमिक शाळा आहे. एकेका वर्गात शंभराच्या वर मुलं बसतात. पाठ्यपुस्तक तिघाचौघांत एक, आणि त्याशिवाय वाचायला काहीच नाही. त्याने फोटो पाठवले तेव्हापासून घरात कोणाला चैन नाही. गावातल्या गणेश मंडळाने यंदा आरासीचा खर्च कमी करून दोन हजार पुस्तकं जमवायची आणि तिकडे ग्रंथालय उभं करायचं ठरवलं आहे. केळीची रिकामी खोकी आमच्याकडे लागतील तेवढी आहेत. आठ दिवसांत साडेतीनशे पुस्तकं जमलीसुद्धा. ती कशी पाठवावी आणि आणखी कोणती घ्यावी?
— एक वाचक, यावल तालुका

उत्तर : भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. गणेश मंडळाची पोरं आरास कमी करून पुस्तकांसाठी दारोदार फिरताहेत, हे वाचून डोळे भरून आले. म्हणूनच हक्काने सांगते, ती साडेतीनशे पुस्तकं इतक्यात खोक्यात भरू नका. थोडं थांबा.

असं का म्हणते, ते सांगते. मी अमळनेरच्या एका शाळेत एकतीस वर्षं ग्रंथपाल होते. १९९४च्या उन्हाळ्यात आम्ही काही शिक्षकांनी मिळून गावभर फिरून पुस्तकं जमवली होती. सातपुड्यातल्या, धडगावच्या वरच्या अंगाच्या एका आश्रमशाळेसाठी. बारा पोती भरली. एसटीच्या टपावर टाकून नेली, नारळ फोडला, भाषणं झाली, मुलांनी गाणं म्हटलं, आम्ही संध्याकाळच्या गाडीने परत. दोन वर्षांनी दुसऱ्याच कामासाठी तिकडे जाणं झालं, तर कोठीच्या खोलीत पोती तशीच. एका पोत्याची सुतळी मीच बांधलेली होती, माझी गाठ मला ओळखू आली. भिंतीकडच्या चार पोत्यांना खालून वाळवी लागली होती. एक पोतं मी तिथेच खाली बसून सोडलं. आत काय निघालं? दहावीची जुनी गाइडं, उत्तरांखाली कोणाच्या तरी पेन्सिलीच्या रेघा. दिवाळी अंक. अभियांत्रिकीचं एक जाडजूड पुस्तक. मागच्या कधीच्या वर्षाचे आयकराचे नियम. शाळा सातवीपर्यंतची, आणि मुलं घरी पावरी बोलणारी. त्यांना मराठीच मुळात नवी.

चूक त्या शाळेची नव्हती, आमची होती. बारा पोती भरेपर्यंत आमच्यापैकी एकानेही मुख्याध्यापकांना साधं कार्ड टाकून विचारलं नव्हतं की तुमच्या मुलांना काय पाहिजे.

एक पुस्तक मात्र कोणीतरी पोत्यातून बाहेर काढलं होतं. पक्ष्यांच्या चित्रांचं, पातळसं. ते वर्गात खिळ्याला सुतळीने टांगलेलं होतं. त्याची पानं हाताळून हाताळून फडक्यासारखी मऊ झाली होती, कोपरे गोल झाले होते, शिवण सुटली होती. आठेक वर्षांचा एक मुलगा माझ्याजवळ येऊन बसला आणि तितराच्या चित्रावर बोट ठेवून त्याच्या बोलीत मला सांगू लागला. शिक्षकांनी अर्थ सांगितला : हा नाल्याच्या कडेला गवतात अंडी घालतो, मी पाहिलीत. खालचं मराठी त्याला वाचता येत नव्हतं, पण पुस्तक त्याचं झालं होतं. मी ते अमळनेरला आणलं, मैद्याच्या खळीत मोरचूद घालून नवी बांधणी केली, कापडी पाठ लावली आणि पुढच्या गाडीने परत पाठवलं. बारा पोत्यांतून एवढं एक.

त्याच वर्षी, १९९४मध्ये, मलावीने प्राथमिक शिक्षण मोफत केलं. एका वर्षात पटसंख्या सुमारे १९ लाखांवरून २९ लाखांच्या आसपास गेली. मुलं आली, पण तेवढ्या खोल्या, तेवढे शिक्षक, तेवढी पुस्तकं कुठून येणार? पुढे युगांडाने १९९७मध्ये, लेसोथोने २०००पासून, केनियाने २००३मध्ये फी काढून टाकली आणि तिथेही वर्ग असेच ओसंडले. तुमच्या भाच्याने पाहिलेला शंभर मुलांचा वर्ग तिथून आलेला आहे. त्या आईबापांना शिक्षणाची हौस नाही असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका. फी गेल्याबरोबर त्यांनी पोरं शाळेत आणून बसवली.

आता तुमच्या भाच्याने पुढच्या आठवड्यात त्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांसमोर बसावं. मुलं घरी काय बोलतात? मलावीत फार मोठ्या भागात चिचेवा बोलतात, पण उत्तरेकडे तुंबुका आहे, दक्षिणेत याओ आहे. मोठ्या वर्गांत सगळं इंग्रजीत आणि परीक्षाही इंग्रजीत. म्हणजे पहिली-दुसरीच्या पोराला जे पुस्तक लागेल ते यावलमध्ये मिळणारच नाही, ते लिलाँग्वे किंवा ब्लँटायर या तिथल्या मोठ्या शहरांतल्या दुकानात मिळेल. मग विचारावं, पुस्तकं ठेवायला कुलूप लागेल अशी खोली आहे का, पावसात गळते का, फळ्या जमिनीपासून वीतभर वर ठोकता येतील का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पुस्तकं सांभाळणार कोण? दाखल नोंदवही कोण लिहील, मधल्या सुट्टीत देवघेव कोण करील, फाटलेलं कोण चिकटवील? कुणीतरी शिक्षक किंवा गावातली शिकलेली मुलगी आपणहून ‘मी करीन’ म्हणाली, तर तुमचं निम्मं काम झालं समजा. ते माणूस मिळेपर्यंत एकही खोकं हलवू नका.

मी मनाचं सांगत नाही. हे काम वर्षानुवर्षं करणाऱ्यांची रीत हीच आहे. अमेरिकेत २००५मध्ये सुरू झालेला ‘आफ्रिकन लायब्ररी प्रोजेक्ट’ एकेका शाळेसाठी साधारण हजार पुस्तकं जमवतो, पण त्या शाळेने आधी खोली, फळ्या आणि एक जबाबदार शिक्षक द्यायचा असतो. लंडनची ‘बुक एड इंटरनॅशनल’ १९५४पासून या कामात आहे, आणि ते लोक प्रकाशकांकडून मिळालेली कोरी पुस्तकं पाठवतात, घराघरांतली रद्दी नाही. ‘बुक्स फॉर आफ्रिका’ १९८८ची, अमेरिकेतल्या मिनेसोटाची. त्यांच्या एका चाळीस फुटी कंटेनरमध्ये २२ हजारांच्या आसपास पुस्तकं मावतात. तुमची दोन हजार त्यापुढे किती लहान आहेत, हे लक्षात घ्या.

कारण वाहतुकीचं गणित अवघड आहे. पुस्तक सरासरी पाव किलोचं धरलं तरी दोन हजारांचं वजन पाचशे किलो. मलावीला समुद्र नाही. माल न्हावा-शेवाहून मोझांबिकमधल्या बैरा किंवा नकाला बंदरात उतरणार आणि तिथून पुढे शेकडो किलोमीटर जमिनीवरून जाणार. तुम्हाला दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनरमध्ये जागा घ्यावी लागेल. युनेस्कोच्या १९५०च्या फ्लॉरेन्स करारात पुस्तकांना आयात शुल्क माफ करायचं ठरलेलं आहे. पण बंदराची हमाली, एजंटचे पैसे, कागद पुरे नसले तर गोदामाचं भाडं, हे कोणाला माफ नसतं. माल ज्याच्या नावे जाणार त्याने आधी लेखी होकार दिलेला असावा, आणि कोणत्या खोक्यात कोणती पुस्तकं याची यादी सोबत असावी. मुंबईच्या दोन एजंटांकडून दर मागवा. भाच्याला सांगा, तेवढ्याच पैशांत तिथल्या दुकानातून किती पुस्तकं येतील ते विचारून ये. दोन्ही आकडे मंडळाच्या बैठकीत शेजारी शेजारी लिहा. मला वाटतं, बरेचसे पैसे तिथेच खर्च करावेत असं तुमच्या मुलांनाही पटेल. त्यात तिथल्या लेखकाचं आणि पुस्तकविक्या माणसाचंही पोट भरतं.

तरी इथून काहीच पाठवू नका असं मी म्हणणार नाही. एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. विल्यम कामक्वाम्बा हा मलावीतला शेतकऱ्याचा मुलगा. २००१-०२च्या दुष्काळात घरात खायला नव्हतं. प्राथमिक शाळा मोफत, पण माध्यमिकची फी भरायला पैसे नाहीत म्हणून त्याची शाळा सुटली. गावाजवळच्या विम्बे प्राथमिक शाळेत परदेशातून देणगी आलेल्या पुस्तकांचं छोटंसं ग्रंथालय होतं. तिथे तो जाऊन बसू लागला. ऊर्जेवरचं एक इंग्रजी शालेय पुस्तक त्याच्या हाती लागलं, मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग. इंग्रजी नीट येत नव्हतं, म्हणून आकृत्या पाहायचा आणि अडलेला शब्द विचारून घ्यायचा. सायकलची फ्रेम, ट्रॅक्टरचा पंखा आणि निलगिरीचे वासे जोडून त्याने पवनचक्की उभी केली आणि घरात दिवा लावला. तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावरून जाताना त्या मोठाल्या पात्या फिरताना दिसतात, तेव्हा मला दर वेळी हा मुलगा आठवतो. ते पुस्तक परदेशातलंच होतं. पण ते चालत जाता येईल अशा खोलीत होतं, खोली उघडी होती, आणि शाळेतून नाव कमी झालेल्या मुलालाही आत बसू देणारं माणूस तिथे होतं.

तेव्हा इथून पाठवायची तर थोडी पाठवा, पण पाहून-निवडून. नॅशनल बुक ट्रस्ट आणि चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट, दोन्ही १९५७च्या संस्था, मुलांसाठी स्वस्त आणि सुंदर इंग्रजी चित्रपुस्तकं काढतात. त्यात आंब्याचं झाड असतं, कोंबड्या, शेळी, विहीर, मक्याचं कणीस, डोक्यावर हंडा घेतलेली आई. मलावीच्या पोराला हे सगळं घरचं वाटेल. तिकडेही मका, भुईमूग, कापूस, केळीच पिकतात. बर्फातली घरं आणि शेकोटीपुढचं कुत्रं याच्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. शब्द नसलेली चित्रपुस्तकं घ्या, ती कोणत्याही भाषेत चालतात. प्राण्यांची, शरीराची, यंत्रांची साधी सचित्र पुस्तकं आणि चांगले शब्दकोश घ्या. जमलेल्या साडेतीनशेतून मराठी, गाइडं, धर्माची, जुनी पाठ्यपुस्तकं, पानं गळालेली, कसर लागलेली बाजूला काढा. वाईट वाटून घेऊ नका. एक कसोटी मी कायम लावत आले : हे पुस्तक मी माझ्या नातवाला वाढदिवसाला देईन का?

आणि खोक्यांबद्दल. केळीची खोकी मजबूत खरी, पण त्यांना हवेसाठी भोकं असतात. बंदरावरची दमट हवा आणि झुरळं तिथूनच आत शिरतात. शिवाय वापरलेल्या खोक्यात केळीचा चीक लागलेला असतो. तो डाग कापडावरून जात नाही तर कागदावरून काय जाणार? कोरी खोकी घ्या, भोकांवर आतून पुठ्ठा चिकटवा, जाड प्लास्टिकचं अस्तर घाला, पुस्तकं आडवी रचा आणि एक खोकं केळीच्या वजनाचंच ठेवा, बारा-तेरा किलो. जास्त भरलं तर तळ सुटतो आणि उचलणाऱ्याची कंबर जाते.

पैशांचं शेवटी सांगते, पण ते आधी करा. गावातून वर्गणी घेणार असाल तर पावती पुस्तक आणि जमाखर्च चोख ठेवा. नोंदणीकृत संस्थेचा पैसा देशाबाहेर खर्च करण्याला नियम आहेत, त्यामुळे सीएला विचारल्याशिवाय मंडळाच्या खात्यातून एक रुपयाही पाठवू नका. घरच्यांनी आपल्या पैशातून नातलगाला बँकेमार्फत रीतसर पाठवण्याची सोय आहे, तिचीही चौकशी बँकेतच करा.

प्रश्न : मी शिरपूर तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. आपल्या सातपुड्यातल्या पाड्यांवर पुस्तकं नाहीत, आणि लोक आफ्रिकेला पुस्तकं पाठवायला निघतात. हे योग्य आहे का?
— एक शिक्षक, शिरपूर तालुका

उत्तर : सर, तुमची कळकळ मला समजते. बारा पोत्यांची गोष्ट वर लिहिली ती आपल्याच सातपुड्यातली आहे. पण यावलच्या त्या मुलांनी फोटोतली पोरं पाहिली आणि त्यांचा जीव कळवळला. तो जीव कुठे कळवळावा याचा नकाशा आपण त्यांच्या हातात देऊ नये. त्यापेक्षा त्यांना बोलवा. शिरपूरहून वर पाड्यावर न्या, तुमची शाळा दाखवा. एक खोली, एक कपाट, एक नोंदवही उभी करायला काय काय लागतं ते इथे शिकले, तर मलावीच्या मुख्याध्यापकांशी बोलताना त्यांना नेमके प्रश्न सुचतील.

आणि तुमच्या मुलांसाठी विकत आणलेल्या पुस्तकांइतकंच मोलाचं एक काम तुम्ही स्वतः करू शकता. साने गुरुजी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हाताने लिहिलेलं दैनिक काढत, हे तुम्हाला ठाऊक असेल. तुमच्या शाळेतल्या मुलांच्या आज्ज्यांना बोलवा. त्यांच्या पावरी, भिली गोष्टी मुलांनी देवनागरीत जशा ऐकू येतील तशा लिहाव्यात, शेजारी चित्र काढावं, खाली मराठी अर्थ लिहावा. कार्डशीटची पाठ लावून दाभणाने शिवा, त्याला दाखल क्रमांक द्या आणि कपाटात बाकीच्या पुस्तकांच्या रांगेत ठेवा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या घरच्या माणसांनी उतरवून ठेवल्या म्हणून १९५२मध्ये त्यांचं पुस्तक आलं. आसोद्याच्या शेतातली बोली छापलेली पाहून आपल्या भागातल्या बायकांना काय वाटलं असेल! माझी आई तर त्या पानावरून नुसता हात फिरवत राहायची.

चिचेवातलं पुस्तक तिथल्या पोराला का हवं, ते तुम्हाला कोणी वेगळं सांगायला नको. तुमच्या वर्गात ते रोज दिसतं.

प्रश्न : वडिलांची आठशे मराठी पुस्तकं आहेत, चांगल्या स्थितीत. ती आफ्रिकेतल्या ग्रंथालयाला देता येतील का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : नाही, ताई. ती वाचणारे इथे आहेत. आधी वहीत यादी करा, मग ती यादी जवळच्या सार्वजनिक वाचनालयाला आणि एखाद्या महाविद्यालयाला दाखवा. जुने, दुर्मिळ, इतिहासाचे ग्रंथ असतील तर धुळ्यातच राजवाडे संशोधन मंडळ आहे, तिथे विचारा. ज्याला जे हवं त्याने ते न्यावं. उरलेल्यासाठी घाई करू नका.

प्रश्न : मी नववीत आहे. माझ्याकडे पैसे नाहीत आणि इंग्रजी पुस्तकंही नाहीत. मला आफ्रिकेतल्या मुलांसाठी काही करता येईल का?
— एक विद्यार्थिनी, भुसावळ

उत्तर : बाळ, येईल, आणि ते तुझ्या आईच्या मोबाइलवरूनच. दक्षिण आफ्रिकेतून २०१४मध्ये ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ हे संकेतस्थळ सुरू झालं. त्यात किस्वाहिली, झुलू, न्यांजा अशा कितीतरी भाषांत लहान मुलांच्या सचित्र गोष्टी आहेत. न्यांजा म्हणजे मलावीत जिला चिचेवा म्हणतात तीच भाषा. आपल्याकडे प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५मध्ये तसंच ‘स्टोरीवीव्हर’ आणलं. या दोन्हीकडच्या गोष्टी फुकट उतरवून घेता येतात, छापता येतात, त्यांचं भाषांतरही करता येतं. यावलचे काका त्या शाळेला पुस्तकं देणार आहेत ते तू वर वाचलंस ना? त्यांच्या भाच्यासाठी तू पन्नास गोष्टींची यादी करून दे. चित्रं मोठी, वाक्यं लहान, पहिलीच्या मुलाला झेपतील अशा. तो त्या तिथे छापून, पिना मारून मुलांच्या हातात देईल. मुख्याध्यापकांकडून खात्री मात्र आधी करून घ्यायची. तुझी यादी या स्तंभाच्या पत्त्यावर पाठव, ती यावलला पोचवायचं माझ्याकडे लागलं.

आणि त्यातल्याच एका गोष्टीचं मराठी कर, आपल्या मुलांसाठी. केनियात गारिसाच्या बाजूला १९९६पासून उंटांच्या पाठीवर पेट्या लादून गावोगाव पुस्तकं नेतात, तंबू टाकतात, चटया अंथरतात. आपल्या मुलांना त्या मुलांबद्दल काय माहीत आहे? भाषांतर करून झालं की धाकट्या भावंडाला मोठ्याने वाचून दाखव. जिथे ते ‘म्हणजे काय?’ म्हणेल तिथला शब्द बदल. न्सिमा हा शब्द आला तर त्याची भाकरी करू नकोस. ते मक्याच्या पिठाचं घट्ट शिजवलेलं जेवण असतं, हाताने गोळा करून भाजीला लावून खातात. न्सिमाच राहू दे, चित्र आहेच शेजारी. पहिला खर्डा मला पाठव, मी पेन्सिलीने खुणा करून परत पाठवीन.